मुलाला रिटर्नवर कोण दाखवणार? अमेरिकेत वेगळं राहणाऱ्या आई-वडिलांसाठी रात्रींचा आणि कागदांचा हिशेब

फेब्रुवारीत रिटर्न ई-फाइल करता आणि थोड्याच वेळात सॉफ्टवेअर सांगतं, रिजेक्टेड. कोड आर००००-५०७-०१. अर्थ एवढाच, की डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून तुम्ही ज्या मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकलात तो यंदा आधीच कुणाच्या तरी रिटर्नवर लागला आहे. कुणाच्या, ते आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, सांगत नाही. दुसऱ्याच्या रिटर्नमधली माहिती तुम्हाला देण्याची कायद्यानेच त्यांना मनाई आहे. वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोत अर्थात ते विचारावंही लागत नाही.

इथे घाईत दोन चुका होतात. पहिली, मुलाचं नाव काढून टाकून रिटर्न पुन्हा पाठवायचं आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं. दुसरी, समोरच्याला फोन करून कोर्टाचा हुकूम वाचून दाखवायचा. पहिल्या चुकीत हक्काचे हजारो डॉलर अडकून पडतात. दुसरीत दम जातो आणि हाती काही लागत नाही. रिटर्न आधी कोणी भरलं याला आयआरएसच्या लेखी काहीही किंमत नाही. आधी भरणाऱ्याचं रिटर्न मशीनने स्वीकारलं, इतकंच झालेलं असतं. हक्क कोणाचा हे नंतर ठरतं आणि ते दोनच गोष्टींवर ठरतं: मूल किती रात्री कोणाकडे झोपलं, आणि फॉर्म ८३३२ वर, म्हणजे मूल दाखवण्याचा हक्क दुसऱ्या पालकाला देण्याच्या कागदावर, सही आहे की नाही.

भारतातून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण तिकडच्या रिटर्नमध्ये मुलाला ‘क्लेम’ करण्याची भानगडच नाही. अज्ञान मुलाच्या नावावरचं व्याज आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं, फार तर शाळेच्या ट्यूशन फीची वजावट घ्यायची, झालं. त्यामुळे ‘खर्च मी करतो, चाइल्ड सपोर्ट मी देतो, मग मूल माझ्याच रिटर्नवर’ हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेच्या कायद्यात आई-वडिलांमधल्या वादात हे गणित चालत नाही. महिन्याला २,००० डॉलर देणारा बाप आणि ज्या घरात मूल झोपतं ती आई, यांत मूल आईचं धरलं जातं.

आधी वाद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

मूल रिटर्नवर दाखवण्यासाठी पाच अटी असतात. नातं हवं: मुलगा, मुलगी, सावत्र किंवा दत्तक मूल, भावंड, नातू, भाचा-पुतणी यांपैकी. वय वर्षाअखेरीस १९ च्या आत, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहिलेलं असावं. स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग त्याने स्वतः उचललेला नसावा. आणि लग्न झालं असेल तर जोडीदाराबरोबर संयुक्त रिटर्न भरलेलं नसावं (फक्त कापलेला कर परत मिळवण्यासाठी भरलं असेल तर चालतं). शिवाय ते अमेरिकेचं नागरिक किंवा करापुरतं रहिवासी असायला हवं. कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासीही चालतात. पुण्यात जन्मलेलं, पुण्यातच राहणारं, भारतीय पासपोर्टचं मूल बापाच्या न्यू जर्सीतल्या रिटर्नवर बसत नाही, पैसे कितीही पाठवा.

बहुतेक वाद तिसऱ्या अटीवर, म्हणजे राहण्यावर होतात. त्यातही चार प्रकार आहेत.

नवरा-बायको एकाच घरात आहेत, पण रिटर्न वेगवेगळं भरतात. मूल दोघांकडेही राहिलं. इथे एकाने क्लेम करायचं ठरवलं आणि दुसऱ्याने केलं नाही, तर वादच नाही. दोघांनी केलं तर मूल ज्याच्याकडे जास्त काळ राहिलं त्याचं. काळ सारखा असेल तर ज्याचं एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचं समायोजित एकूण उत्पन्न, जास्त त्याचं. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही हाच नियम.

दुसरा प्रकार घरात आजी-आजोबा, काका किंवा आत्या असण्याचा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आजीला हा प्रश्न येत नाही. पण ग्रीनकार्डवर मुलीच्या घरी राहणाऱ्या, स्वतः नोकरी करणाऱ्या आजोबांना येऊ शकतो. आई आणि आजोबा दोघांनी नातवाला दाखवलं तर आई जिंकते, तिचं उत्पन्न कमी असलं तरी. आजोबांनी दाखवायचं असेल तर आई-वडिलांपैकी कोणीही दाखवलेलं नसावं आणि आजोबांचं एजीआय त्या दोघांपेक्षा जास्त असावं.

तिसरा प्रकार म्हणजे आई-वडील वेगळे राहतात. घटस्फोट झालेला, लेखी करार करून वेगळे झालेले, किंवा वर्षाचे शेवटचे सहा महिने एकही दिवस एका घरात न राहिलेले. लग्न झालेलं होतं की नव्हतं याने फरक पडत नाही. या लेखाचा मोठा भाग यांच्यासाठी आहे.

चौथा, तुमच्या मुलाचा नंबर कोणा परक्याने वापरला. तो वाद नाही, चोरी आहे. तिथे फॉर्म १४०३९ भरून ओळखचोरीची तक्रार करायची.

रात्री मोजणं

वेगळ्या राहणाऱ्या आई-वडिलांपैकी ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री झोपलं तो ‘कस्टोडियल पेरेंट’. कोर्टाच्या कागदावर ‘जॉइंट लीगल कस्टडी’ लिहिलंय की ‘प्रायमरी’, हे इथे बघितलं जात नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर मोजायचं. ३१ डिसेंबरची रात्र सरत्या वर्षात धरायची.

३६५ दिवसांच्या वर्षात निम्मं-निम्मं होतच नाही. एकाच्या वाट्याला १८३ रात्री येतात, दुसऱ्याच्या १८२. म्हणजे ‘आमची फिफ्टी-फिफ्टी आहे’ म्हणणाऱ्या घरातही एक जण एका रात्रीने जिंकलेला असतो, बहुधा न कळता. लीप वर्षात १८३-१८३ होऊ शकतं. २०२४ मध्ये तसं झालं असेल तर ज्याचं एजीआय जास्त तो कस्टोडियल.

बारकावे इथे आहेत आणि वादही इथेच होतात:

मूल तुमच्या घरी झोपलं आणि तुम्ही त्या रात्री कामानिमित्त डलासला होतात, तरी रात्र तुमचीच. मूल तुमच्याबरोबर हॉटेलात, मावशीकडे किंवा विमानात झोपलं, तरी तुमची.

मूल दोघांपैकी कोणाकडेच नव्हतं, समर कॅम्पला किंवा मित्राकडे होतं, तर त्या रात्री वेळापत्रकाप्रमाणे ते ज्याच्याकडे असायला हवं होतं त्याची ती रात्र. वेळापत्रकावरून काहीच ठरत नसेल तर ती कोणाचीच नाही.

रात्रपाळी करणाऱ्यासाठी वेगळी सोय आहे. हॉस्पिटलात रात्रीची ड्यूटी करणाऱ्या आईकडे मूल दिवसा जास्त राहतं आणि रात्री वडिलांकडे झोपतं, असं असेल तर तिच्या बाबतीत रात्रींऐवजी दिवस मोजतात. शाळेच्या दिवशी मूल शाळेत नोंदवलेल्या मुख्य पत्त्यावर राहिलं असं धरतात. म्हणून शाळेतला पत्ता कोणाचा आहे ते आजच बघा.

आता मराठी घरांत हमखास होणारी गोष्ट, उन्हाळ्याची भारतवारी. समजा आठवड्याआड वेळापत्रक आहे, आईच्या वाट्याला १८३ आणि वडिलांच्या १८२. आई मुलाला घेऊन सहा आठवडे कोल्हापूरला गेली. त्यातले तीन आठवडे वडिलांचे होते, म्हणजे २१ रात्री इकडच्या तिकडे गेल्या. वर्षाअखेर २०४ विरुद्ध १६१. वडिलांनी त्याच्या बदल्यात पुढे आठवडे भरून घेतले नाहीत तर त्यांच्याकडून गेलेल्या त्या रात्री परत येत नाहीत. पण मूल आजी-आजोबांबरोबर एकटंच गेलं आणि आई इथेच राहिली, तर हिशेब वेळापत्रकावर परत जातो, वडिलांचे तीन आठवडे वडिलांचेच. प्रवास एकच असला तरी निकाल दोन निघतात. बोर्डिंग पास आणि मुलाच्या पासपोर्टवरच्या भारतीय इमिग्रेशनच्या शिक्क्यांचे फोटो म्हणूनच जपून ठेवायचे.

मोजण्याची पद्धत साधी ठेवा. फोनवरच्या कॅलेंडरमध्ये रोज एक अक्षर, आ किंवा व, आणि अदलाबदल झाली की त्याच दिवशी समोरच्याला एक ओळीचा मेसेज: ‘आज ठरल्याप्रमाणे तुझी रात्र होती, माझ्याकडे आहे.’ मार्चमध्ये बसून आधीच्या जूनचं कॅलेंडर आठवून भरलं तर त्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

क्लेम म्हणजे एक गोष्ट नव्हे

‘मूल क्लेम करणं’ हा शब्दच घोळाचं मूळ आहे. त्यात पाच-सहा वेगळे फायदे आहेत. काही सहीने समोरच्याला देता येतात, काही देता येतच नाहीत.

देता येतात ते असे. चाइल्ड टॅक्स क्रेडिट (क्रेडिट म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम), २०२५ च्या कर-वर्षासाठी १७ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर. त्यातला परत मिळू शकणारा, म्हणजे कर शून्य असला तरी हाती येणारा, भाग १,७०० पर्यंत. मुलाकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नच्या मुदतीआधी असायला हवा, आणि २०२५ पासून क्लेम करणाऱ्याकडेही हवा. एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्या मुलाकडे फक्त आयटीआयएन, म्हणजे करापुरता मिळणारा नंबर, असतो, त्याच्यासाठी ५०० डॉलरचं ‘इतर डिपेंडंट’ क्रेडिट. आणि कॉलेजला जाणारं मूल असेल तर शिक्षणाचं क्रेडिट, जे मूल ज्याच्या रिटर्नवर डिपेंडंट असेल त्याच्यामागे जातं. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० पर्यंत आहे, म्हणजे चाइल्ड टॅक्स क्रेडिटपेक्षा मोठं. फी कोणी भरायची एवढंच करारात लिहितात आणि हे क्रेडिट विसरतात.

देता येत नाहीत ते असे. हेड ऑफ हाउसहोल्ड हे स्टेटस, म्हणजे मुलासह एकट्याने घर चालवणाऱ्याचा रिटर्नवरचा दर्जा, ज्यात २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) २३,६२५ आहे. सिंगलला १५,७५० च. कमी कमाईच्या कामकरी माणसाला मिळणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट, २०२५ साठी एका मुलामागे ४,३२८ पर्यंत, दोघांमागे ७,१५२ पर्यंत. डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी. आणि नोकरीतलं डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याचं खातं. हे सगळं ज्याच्याकडे मूल राहतं त्याच्याकडेच राहतं, त्याने फॉर्म ८३३२ वर शंभर सह्या केल्या तरी.

आरोग्य विमा या भांडणात आणूच नका. विमा आणि औषधोपचाराच्या खर्चासाठी वेगळ्या झालेल्या आई-वडिलांचं मूल दोघांचंही डिपेंडंट धरलं जातं.

म्हणून आईने वडिलांना सही दिली तर एकाच वर्षी, एकाच मुलावर, दोघांची नावं कायदेशीरपणे दिसू शकतात: आई हेड ऑफ हाउसहोल्डसाठी त्याचं नाव लिहील पण डिपेंडंटच्या यादीत टाकणार नाही, वडील यादीत टाकतील पण सिंगल म्हणून भरतील. सही मिळाली म्हणून वडिलांनी हेड ऑफ हाउसहोल्डवर टिक केलं तर पुढे पत्र येऊ शकतं. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

भांडायच्या आधी दोन्ही बाजूंनी आकडे टाकून बघा

चाइल्ड टॅक्स क्रेडिट एकट्याच्या रिटर्नवर २,००,००० डॉलरच्या वर कमी होत जातं, दर हजारामागे ५० ने. एक मूल असेल तर २,४४,००० च्या आसपास शून्य होतं. कॅलिफोर्नियात टेक कंपनीत अडीच लाख कमावणारा बाप ‘सम वर्षी मूल माझ्याकडे’ म्हणून वकिलाला पैसे देऊन करार करून घेतो, आणि त्या वर्षी त्याला मिळतात शून्य डॉलर. ७०,००० कमावणाऱ्या आईला त्याच वर्षी पूर्ण २,२०० मिळाले असते. दोन घरचा पाहुणा उपाशी, त्यातला प्रकार.

उलट उदाहरण घ्या. आई नुकती कामाला लागली आहे, वर्षाची कमाई १४,०००, मूल आठ वर्षांचं, तिच्याकडेच राहतं. तिचा कर मुळातच शून्य, त्यामुळे चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधला फक्त परत मिळणारा भाग तिच्या हाती येतो: २,५०० च्या वरच्या कमाईच्या १५ टक्के म्हणजे १,७२५, पण मर्यादा १,७०० ची. वडील १,२०,००० कमावतात, त्यांना पूर्ण २,२०० मिळतील. आईने सही दिली तर दोघांच्या मिळून ५०० डॉलर वाढतात. वडिलांनी तिला तिचे १,७०० आणि वरच्या ५०० मधला वाटा द्यावा. तिचं ४,३२८ चं अर्न्ड इन्कम क्रेडिट आणि हेड ऑफ हाउसहोल्ड तिच्याकडेच राहतं, बाकीच्या अटी ती पूर्ण करत असेल तर. अशा वेळी भांडणापेक्षा सौदा फायद्याचा.

दोन मुलं असतील तर प्रत्येकाच्या नावे एकेक मूल ही वाटणी स्वस्तात सुटते. फक्त ज्याच्याकडे जास्त रात्री नाहीत त्याला त्याच्या वाट्याच्या मुलासाठी फॉर्म लागतोच, हे लक्षात ठेवा.

आणि अजून घटस्फोट झालेला नसेल, बोलणं होत असेल, तर त्या वर्षाचं संयुक्त रिटर्न भरणं हा पर्याय तपासा. तिथे मुलाचा वादच उरत नाही. पण संयुक्त रिटर्नवर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर पूर्ण येते. नवऱ्याने भारतातलं भाडं किंवा शेअरचा नफा लपवला असेल तर बायकोही धरली जाते. समोरच्याच्या हिशेबावर विश्वास नसेल तर करू नका.

फॉर्म ८३३२: एका पानाचा कागद

कस्टोडियल पालक सही करतो, दुसरा तो फॉर्म आपल्या रिटर्नला जोडतो. भाग १ चालू वर्षासाठी. भाग २ पुढच्या वर्षांसाठी. भाग ३ दिलेली सही मागे घेण्यासाठी. ई-फाइल करत असाल तर फॉर्म पीडीएफ म्हणून जोडा किंवा फॉर्म ८४५३ बरोबर टपालाने पाठवा.

कोर्टाचा हुकूम याच्याऐवजी चालत नाही. २००८ नंतरच्या डिक्रीची पानं जोडून क्लेम करता येत नाही, त्यात न्यायाधीशाने ठळक अक्षरात ‘वडील क्लेम करतील’ लिहिलं असलं तरी. हाच नियम पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या संमतीपत्राला आणि नोटरीसमोर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केलेल्या करारालाही लागू आहे. ८३३२ चा मजकूर असलेलं आणि याच कामासाठी सही केलेलं स्वतंत्र पत्र चालू शकतं, पण फॉर्म फुकट मिळतो, उगीच पत्र कशाला लिहायचं?

सही बिनशर्त हवी. ‘चाइल्ड सपोर्ट वेळेवर दिला तर’ असं फॉर्मवर लिहिलं की तो बाद. आणि खरी गोम इथेच आहे: अट करारात असते, फॉर्मवर चालत नाही. उपाय सोपा आहे. करारात लिहा की दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंतचा सपोर्ट पूर्ण आला असेल तर कस्टोडियल पालक ३१ जानेवारीच्या आत फक्त भाग १ सही करून देईल. भाग २ मध्ये ‘सर्व पुढील वर्षे’ लिहून सही करणं टाळा. वकील सोपं पडतं म्हणून सुचवतात, आणि नंतर सपोर्ट थांबला की हात बांधलेले राहतात.

आधीच भाग २ सही केला असेल तर भाग ३ भरून मागे घेता येतो, पण त्याची प्रत समोरच्याला द्यावी लागते आणि परिणाम प्रत दिली त्याच्या पुढच्या वर्षापासून होतो. २०२६ मध्ये प्रत दिली तर २०२७ चं कर-वर्ष. जानेवारीत बसून मागचं वर्ष मागे घेता येत नाही. सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती ठेवा, आणि स्वतःच्या रिटर्नला दरवर्षी त्याची प्रत जोडा.

आणखी एक सापळा वयाचा. मूल राज्याच्या कायद्याने सज्ञान झालं, बहुतेक राज्यांत १८, की ते आई-वडिलांच्या ‘ताब्यात’ राहत नाही, आणि त्यापुढच्या वर्षांत ८३३२ चा हा खास नियम लागत नाही. मग साधा नियम: निम्म्याहून जास्त वर्ष ते कोणाच्या घरचं होतं. कॉलेजच्या वसतिगृहातला काळ तात्पुरती गैरहजेरी म्हणून ज्या घरून ते गेलं त्या घरात धरतात. शिक्षणाच्या मोठ्या क्रेडिटची वर्षं नेमकी हीच.

रिजेक्शन आल्यावर

पहिली पायरी, शांतपणे तपासणं. मुलाचा नंबर बरोबर टाकला का? मुलाने स्वतःच्या उन्हाळी नोकरीचं रिटर्न भरताना ‘मला कोणी डिपेंडंट दाखवू शकत नाही’ असं चुकून टिक केलं का? असं असेल तर त्याला दुरुस्तीचं रिटर्न, फॉर्म १०४०-एक्स, भरायला सांगा.

दुसरी, रात्रींचा हिशेब कागदावर मांडा. हक्क समोरच्याचा निघाला तर डिपेंडंट काढा, बाकीचं रिटर्न भरा, विषय संपवा.

तिसरी, हक्क तुमचा असेल तर मुलाचं नाव ठेवूनच रिटर्न भरा. पूर्वी यासाठी कागदी रिटर्न टपालाने पाठवण्याशिवाय मार्ग नव्हता. २०२५ च्या हंगामापासून आयआरएस असं दुसरं रिटर्न ई-फाइलनेही घेतं, फक्त मुख्य करदात्याचा आयपी पिन त्यात हवा. हा सहा आकडी पिन आयआरएसच्या संकेतस्थळावर ओळख पटवून मिळतो, दरवर्षी बदलतो. पिन मिळत नसेल तर छापून, सही करून, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला पगाराचा दाखला) जोडून टपालाने. मुदत १५ एप्रिल. वाद चालू आहे म्हणून ती पुढे जात नाही.

चौथी, समोरच्याला एकदाच, लेखी, बिनआरोपाचं कळवा: रात्रींचा आकडा, फॉर्म दिलेला नाही ही वस्तुस्थिती, आणि १०४०-एक्स भरल्यास व्याज कमी लागेल ही माहिती. बरेच जण इथेच माघार घेतात, कारण त्यांच्या सीपीएनेच (रिटर्न भरून देणाऱ्या हिशेबनीसाने) मागच्या वर्षीचं रिटर्न डोळे झाकून पुढे ओढलेलं असतं.

पूर्वीच्या वर्षांत तुम्ही भांडणाला कंटाळून क्लेम सोडला असेल तर रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांत १०४०-एक्स भरून तो मागता येतो.

पत्र आलं तर

दोघांनी क्लेम केल्यावर काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाची नोटीस येऊ शकते. ती ऑडिट नाही. त्यात म्हणतात, तपासून बघा. चूक असेल तर दुरुस्त करा, बरोबर असाल तर काही करू नका. ती हातात पडल्यावर घाबरून १०४०-एक्स भरणारे खरे हक्कदारच जास्त असतात, हे दुर्दैव.

कोणीच माघार घेतली नाही तर टपालाने ऑडिट येतं. सोबत फॉर्म ८८६-एच-डीईपी असतो, कोणते कागद हवेत त्याची यादी. उत्तराला ३० दिवस. आता कागद कसे जमवायचे ते बघा, कारण इथे बरेच जण खरे असूनही हरतात.

नात्यासाठी जन्मदाखला, ज्यावर तुमचं नाव आहे. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

राहण्यासाठी अशी कागदपत्रं, ज्यांवर मुलाचं नाव, तुमचं नाव, तुमचा पत्ता आणि त्या वर्षातल्या तारखा, चारही एकत्र आहेत. शाळेचं लेटरहेडवरचं पत्र सगळ्यांत वजनदार. पण शाळेचं वर्ष सप्टेंबर ते जून आणि कराचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून दोन शैक्षणिक वर्षांच्या नोंदी लागतात. एकाच वर्षाचं पत्र दिलं की निम्म्याहून जास्त काळ सिद्ध होत नाही आणि क्लेम फेटाळला जातो. मुलांच्या डॉक्टरकडून भेटींच्या तारखा आणि पत्त्यासह पत्र, डे-केअरचं पत्र, मुलाचं नाव असलेला घराचा भाडेकरार. डे-केअर नातेवाईकच चालवत असेल तर त्यांच्या एकट्या पत्रावर भागत नाही, दुसरा कागद जोडा. शेजाऱ्यांची पत्रं शेवटी, आधाराला. फक्त कोर्टाची डिक्री पाठवून बसू नका. मूल कुठे झोपायला हवं होतं ते तिच्यात असतं, कुठे झोपलं ते नसतं.

मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा. प्रत्येक पानावर नाव, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे आणि कर-वर्ष. वर एक पानाचं पत्र: एकूण रात्री, कोणता कागद कोणता महिना सिद्ध करतो त्याची यादी. तपासनीसाकडे तुमच्या संसाराची कहाणी वाचायला वेळ नसतो. महिने भरलेले दिसले पाहिजेत.

उत्तर पटलं नाही तर पत्र ५२५ येतं, त्यात किती कर वाढवणार ते असतं आणि अपील मागायला ३० दिवस. त्यानंतरची नोटीस ऑफ डेफिशियन्सी, म्हणजे कर कमी भरल्याची औपचारिक नोटीस, महत्त्वाची: तिच्या तारखेपासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज करता येतो, नोटीस भारतातल्या पत्त्यावर आली असेल तर १५० दिवस. फी ६० डॉलर. वर्षाला ५०,००० पर्यंतच्या वादाला लहान खटल्याची सोपी पद्धत आहे, वकिलाशिवाय चालवता येतो. ही मुदत चुकली तर कर आधी भरा, मग परतावा मागा, असे लांबचे रस्ते उरतात. उत्पन्न कमी असेल तर लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक विनामूल्य किंवा नाममात्र फीत मदत करतात.

जो हरतो त्याला कर, व्याज आणि बहुधा २० टक्के दंड. नियमांकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं असं ठरलं तर दोन वर्षं ही क्रेडिट्स बंद, फसवणूक असेल तर दहा वर्षं. एकदा क्रेडिट नाकारलं गेलं की पुढे मागताना फॉर्म ८८६२ लागू शकतो.

कुटुंब न्यायालयात कधी जायचं

करारात ‘सम वर्षी वडील’ आहे, आई फॉर्मवर सही देत नाही. वडिलांनी तरीही क्लेम केला तर आयआरएसकडे वडील हरतील. आयआरएस राज्याच्या कोर्टाचा हुकूम अंमलात आणत नाही. पण आईनेही हुकूम मोडलाच आहे. ज्या काउंटीच्या कोर्टाने तो दिला तिथे अंमलबजावणीचा अर्ज करायचा; कोर्ट तिला सही करायला किंवा नुकसान भरून द्यायला सांगू शकतं. त्यामुळे सहीशिवाय मूल दाखवण्यापेक्षा, त्या वर्षी न दाखवता रिटर्न भरा, सही मिळाली की १०४०-एक्सला फॉर्म जोडा.

२,२०० डॉलरसाठी तासाला ४०० घेणारा वकील लावायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मूल चार वर्षांचं असेल आणि करारात अजून १३ वर्षं उरली असतील तर परवडतं. पंधराव्या वर्षी परवडत नाही.

पुढच्या वर्षी हा कोड दिसू नये म्हणून

मुलासाठीही आयपी पिन घेता येतो. तो एकदा घेतला की त्या मुलाचं नाव असलेलं कोणाचंही ई-फाइल पिनशिवाय स्वीकारलं जात नाही. लहान मुलाला ऑनलाइन खातं उघडता येत नाही, त्यामुळे आयआरएसच्या कार्यालयात वेळ घेऊन मुलाचं सोशल सिक्युरिटी कार्ड आणि जन्मदाखला घेऊन जायचं, किंवा उत्पन्न मर्यादेत असेल तर फॉर्म १५२२७ पाठवायचा. पिन दर जानेवारीत नवा येतो, टपालाने, मुलाच्या नावाने, त्यामुळे पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८८२२ आधी. ज्या वर्षी तुम्ही ८३३२ वर सही देता त्या वर्षी पिनही समोरच्याला द्यावा लागतो, नाहीतर त्याचं रिटर्न रिजेक्ट होईल आणि हुकूम तुम्ही मोडला असं होईल. दोन्ही एकाच ईमेलमध्ये, ३१ जानेवारीच्या आत.